गौतमी बलश्रीचा लेख कसा वाचायचा?

(अंबाजोगाई येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्य तितका तसाच ठेवला आहे.)



बाहेर फलकावर विषय लिहिलाय, 'पराक्रमी सम्राट गौतमीपुत्र सातकर्णी'. संयोजकांनी तो लिहिला, मी बदलायला सांगितला नाही. तो वाचून जे आलेत त्यांची थोडी निराशा होईल, त्याबद्दल आधीच माफी मागून ठेवतो. मी इतिहास संशोधक नाही. आयुष्यभर पोरांना भाषा शिकवली. म्हणून राजापेक्षा त्या राजाविषयी लिहिलेल्या मजकुराकडे माझं लक्ष जास्त जातं. आज बोलायचंय ते त्या मजकुराविषयी. तो चांगला आहे का, त्यात काय लपलंय, आणि एकोणीसशे वर्षं होत आली तरी आपण तो चुकीच्या टोकानं का वाचतोय, एवढंच.

नाशिकला पांडवलेणी तुम्हांपैकी बऱ्याच जणांनी पाहिली असतील. पांडवांचा तिथं काही संबंध नाही, लेखांत त्या डोंगराचं नाव त्रिरश्मी असं येतं. तिथलं 3 नंबरचं लेणं गौतमी बलश्रीनं दान दिलेलं. ही गौतमीपुत्राची आई, आणि तेव्हा गादीवर असलेल्या वासिष्ठीपुत्र पुळुमावीची आजी. पुळुमावीच्या राज्याच्या 19व्या वर्षी तिनं हे दान दिलं आणि ओसरीत ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत एक मोठा लेख कोरून घेतला. गौतमीपुत्राविषयी शाळेच्या पुस्तकात जे जे आपण वाचलं, ते बहुतेक सगळं या एका लेखातून आलंय. त्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यायलं, शक-यवन-पल्हवांचा त्यानं नाश केला, क्षहरात वंशाचं नावनिशाण ठेवलं नाही, क्षत्रियांचा ताठा उतरवला, वर्णांची सरमिसळ थांबवली, धर्माला सोडून कर घेतला नाही. अपराधी शत्रूचासुद्धा जीव घ्यायला त्याला आवडत नसे, असंही आहे. आता नावनिशाण न ठेवणं आणि जीव घ्यायला न आवडणं एकाच लेखात कसं बसतं, हे वर्गात कुणी विचारत नाही. मी विचारायचो, पोरं हसायची.

पहिला मुद्दा व्याकरणाचा आहे. कंटाळू नका, व्याकरणातच सगळी मौज आहे.

ही राजाची चरित्रगाथा आहे असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात या लेखाचं मुख्य वाक्य एवढंच आहे की महादेवी गौतमी बलश्रीनं लेणं करवलं. राजाची जी भलीमोठी वर्णनं आहेत, डोंगरांची यादी, मुलखांची यादी, राम-केशव-अर्जुन-भीमसेनाशी तुलना, नाभाग-नहुष-जनमेजय-सगर-ययाति यांची नावं, ती सगळी षष्ठी विभक्तीत आहेत. 'च्या, च्या, च्या' करत ती शेवटी एका शब्दावर येऊन टेकतात, तो शब्द म्हणजे आई. अमक्याच्या, तमक्याच्या, असल्या पराक्रमी सातकर्णीच्या आईनं. म्हणजे तीन समुद्रांचा धनी या वाक्यात कर्ता नाही, क्रिया त्याच्याकडे नाही. तो आईचं विशेषण आहे! आपल्याकडे बाईची ओळख 'अमक्याची आई' अशी करून देतात. इथं ती ओळख एवढी लांबलीय की वाचणारा आईला विसरून जातो आणि ओळखीलाच धरून बसतो. शतकभर अभ्यासकांनी तेच केलं, पाठ्यपुस्तकांनी तर केलंच.

दुसरी गोष्ट. हा लेख कोरला तेव्हा राजा हयात नव्हता. त्याच लेण्यात याच्या आधीचा एक लेख आहे, गौतमीपुत्राच्या 24व्या वर्षाचा. त्यात राजमातेसाठी एक विशेषण येतं, 'जिचा मुलगा जिवंत आहे ती'. साधा मानाचा शब्द असेल, 'अखंड सौभाग्यवती'सारखा. पण मधे किमान एकोणीस वर्षं जातात, नातू गादीवर असतो, आणि त्याच लेण्यात तीच बाई पुन्हा लेख कोरून घेते, तेव्हा हा शब्द तिला लावता येत नाही. आता ती महाराजांची आई आहे आणि महाराजांची आजी आहे. सत्य, दान, क्षमा, अहिंसा यांची आवड असलेली, तप-नियम-उपवास करणारी, असं तिचं वर्णन आहे. त्या जोरकस विशेषणांच्या खाली एक म्हातारी बाई गेलेल्या लेकाविषयी बोलतीय, हे एकदा लक्षात आलं की लेखाचा सूर बदलतो. गेलेल्या माणसाविषयी आई जे बोलेल ते सगळं यात आहे. रूपानं देखणा होता, चालणं हत्तीसारखं होतं, लोकांच्या सुखदुःखात सामील होता, आईच्या शब्दाबाहेर नव्हता. दहाव्याला जमलेल्या बायका याहून वेगळं काय बोलतात?

म्हणून साहित्य म्हणून मी या लेखाला वरचा दर्जा देतो. मात्र पुरावा म्हणून त्याला तोच दर्जा द्यायचा की नाही, तो प्रश्न निराळा. त्यासाठी त्याच ओसरीतले दुसरे दोन लेख वाचावे लागतात. ते छोटे आहेत, रुक्ष आहेत, म्हणून कुणी वाचत नाही.

पहिला 18व्या वर्षाचा. राजा लढाईच्या छावणीत आहे, बेनाकटक असं ठिकाणाचं नाव दिलंय. तिथून तो गोवर्धनच्या अमात्याला, विष्णुपालिताला, हुकूम पाठवतो. अपरकखडी गावात जे शेत आजवर उषवदाताकडे होतं, दोनशे निवर्तनांचं, ते त्रिरश्मीच्या भिक्षूंना द्या. त्या शेतात सैनिकांनी शिरू नये, मिठासाठी खणू नये, सरकारी माणसानं हात लावू नये. उषवदात म्हणजे शत्रूचा, क्षत्रप नहपानाचा, जावई. म्हणजे मुलूख हाती आलाय, शत्रूच्या जावयाची जमीन आपली म्हणून दान होतेय. कार्ल्यालाही त्याच 18व्या वर्षाचा एक हुकूम आहे, तो याच राजाचा मानतात. तो मामल म्हणजे आपल्या मावळच्या अमात्याला आहे, आणि त्यात भिक्षूंना जे करजिक गाव दिलंय ते आधी उषवदातानंच त्यांना दिलेलं होतं! राजा बदलला, दान तेच, घेणारे तेच, बहुधा कसणारेही तेच.

आता दुसरा लेख, 24व्या वर्षाचा. सहाच वर्षांनंतरचा. हुकूम राजाचा आणि राजमातेचा मिळून, अमात्य आता श्यामक. मजकूर असा की कखडी गावात आम्ही पूर्वी भिक्षूंना शेत दिलं होतं. ते शेत कसलं जात नाही. गावात वस्ती नाही. तेव्हा शहराच्या शिवेवरचं आमचं शेत आहे, त्यातलं शंभर निवर्तन त्यांना द्या.

गाव ओस पडलं. मंडळी, मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बसलो होतो. डोंगरांच्या नावांची माळ, मुलखांची माळ, तीन समुद्र, आणि त्याच लेण्यात राजाच्याच तोंडून हे. दोनशेचं शंभरावर आलं. का ओस पडलं, ते लेखात नाही. सैन्याची वाट होती, पाऊस नव्हता, का रोगराई, काही दिलेलं नाही. लोक कुठं गेले तेही नाही. राजाला ती गोष्ट नोंदवावी लागली ती माणसांसाठी नाही, दान वाया जात होतं म्हणून.

बीड जिल्ह्यात बसून हे वाक्य वाचताना आपल्याला फार लांब जावं लागत नाही. दिवाळी झाली की आपली किती गावं अर्धी रिकामी होतात, मी सांगायला नको. मुकादमाची उचल घेतलेली जोडपी, एक कोयता म्हणजे एक जोडपं, ट्रकमधे बसून साखर पट्ट्यात जातात ती उन्हाळ्याच्या तोंडी परत येतात. मागं म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं. 'शेत कसलं जात नाही, गावात वस्ती नाही' हे कुणा कवीनं लिहिलेलं नाही, महसूल खात्याची भाषा आहे ती. एखाद्या तलाठ्याच्या पंचनाम्यात आजही बसेल. पण त्या सगळ्या शिलालेखांत मला सर्वांत खरं वाक्य कोणतं वाटतं विचाराल, तर हे.

इथं कुणी म्हणेल, सर, तुम्ही राजाला लहान करताय. तसं नाही. तो मोठा होता याचा पुरावा आईच्या लेखाबाहेरही आहे, आणि तो फार बोलका आहे. 1906 साली नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभीला चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, सुमारे 13,250 नाणी, सगळी नहपानाची. त्यातल्या 9 हजारांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्रानं आपला छाप पुन्हा मारलाय. एका बाजूला डोंगरासारखं चैत्याचं चिन्ह, दुसरीकडे उज्जैन चिन्ह. विजय याहून ठळक काय असतो? पण ही नाणी हातात घेऊन, किंवा निदान चांगला फोटो घेऊन, नीट बघा. नव्या छापाखालून नहपानाचं नाक दिसतं. ग्रीक अक्षरं दिसतात. राजानं ती वितळवली नाहीत. वितळवायला खर्च येतो, वेळ लागतो, आणि बाजारात ते वजन, तो आकार, ती चांदी लोकांना माहीत होती. व्यवहार थांबवून चालणार नव्हता. 'निःशेष केलं' असं आईचा लेख ज्या वंशाविषयी सांगतो, त्या वंशाचा चेहरा राजाच्या नाण्यावर तसाच राहिला. आणि पुढे पुळुमावीनं, यज्ञ सातकर्णीनं स्वतःची चांदीची नाणी पाडली ती राजाचा मुखवटा असलेली, क्षत्रपांच्या धर्तीवर.

लेण्याचंही तेच. 10 नंबरचं लेणं उषवदाताचं. बलश्रीचं 3 नंबरचं लेणं त्याच्यावर मात करायला काढलंय हे शेजारी शेजारी बघितलं की कळतं. दर्शनी खांबांची घडण तीच, फक्त नक्षी जास्त, आणि खाली ओटा खांद्यावर पेललेले सहा धिप्पाड यक्ष. ज्याला हरवलं त्याच्याशीच बरोबरी चाललीय.

मग टिकलं काय? प्रशस्तीतली मुलखांची यादी घ्या. असिक, असक, मुलक, सुरठ, कुकुर, अपरांत, अनूप, विदर्भ, आकरावंती. यातलं मुलक म्हणजे पैठणचा भाग, असक म्हणजे गोदावरीनं खाली गेल्यावरचा. आपला जिल्हा या दोन शब्दांच्या मधे, समासाच्या सांध्यात कुठंतरी अडकलाय. गेवराई, माजलगावची माणसं त्या सांध्यात राहतात. असो. यातली सुरठ, कुकुर, अपरांत, अनूप, आकरावंती ही नावं लक्षात ठेवा. आता जुनागढला चला. महाक्षत्रप रुद्रदामनचा लेख, वर्ष 72, म्हणजे इसवी सन 150. त्यानं जिंकलेल्या मुलखांची यादी आहे आणि ही पाचही नावं तिच्यात आहेत. वर त्यानं असंही लिहिलंय की दक्षिणापथपती सातकर्णीला मी दोनदा उघड लढाईत हरवलं, पण जवळचा संबंध म्हणून संपवलं नाही. साधारण त्याच काळात टॉलेमी नावाचा ग्रीक भूगोलकार पैठणला पुळुमावीची आणि उज्जैनला चष्टनाची राजधानी म्हणतो. चष्टन हा रुद्रदामनचा आजा. उज्जैन गेलं, सौराष्ट्र गेलं, कोकणही गेलं. एक-दोन पिढ्यांत यादीतलं निम्म्याहून जास्त परत गेलं.

'जवळचा संबंध' हा काय प्रकार? कान्हेरीला एक फुटका लेख आहे. वासिष्ठीपुत्र सातकर्णीची राणी कार्दमक वंशातली, महाक्षत्रप 'रु...' याची मुलगी, असं त्यात म्हटलंय. पुढची अक्षरं तुटलीत, पण बहुतेक अभ्यासक तो रुद्रदामनच धरतात. म्हणजे ज्या घराण्याच्या कर्त्या पुरुषानं शकांचा नाश केला आणि वर्णसंकर थांबवला असं कोरून ठेवलंय, त्याच घरात शकांची लेक सून म्हणून आली. व्याही झाले दोघं! मला यात लाजिरवाणं काही वाटत नाही. उलट प्रशस्तीपेक्षा हा कान्हेरीचा तुटका दगड त्या काळाविषयी जास्त सांगतो. लाज वाटते ती वर्णसंकराची ती ओळ आजही अभिमानानं वाचून दाखवणाऱ्यांची. ही ओळ आईनं स्तुती म्हणून घातलीय, आणि ती स्तुती आहे म्हणूनच ती तपासायला हवी. लेणं दिलं बौद्ध भिक्षूंना, राजाला म्हटलं अद्वितीय ब्राह्मण, सून आणली शकांची. एवढी गुंतागुंत असलेल्या घराला आपण एका रंगात रंगवतो.

तेलुगू आणि मराठी माणसांचं भांडण तुम्हाला माहीत आहेच. पुराणं या घराण्याला आंध्र म्हणतात, आपण पैठण दाखवतो. 2017 साली तेलुगूत या राजावर मोठा सिनेमा आला तेव्हा ते भांडण पुन्हा निघालं. माझं त्यावर मत एवढंच की भांडणारे दोघंही एकाच आईचं म्हणणं पुरावा म्हणून पुढं करतात.

आता जी गोष्ट खरोखर टिकली, तिच्याकडे येतो. ती प्रत्येकाच्या घरात आहे. लग्नपत्रिका काढा, पंचांग काढा. 'शालिवाहन शके'. रुद्रदामनच्या लेखातलं ते वर्ष 72, ते याच कालगणनेतलं. इसवी सन 78 पासून ही शकांची कालगणना चालत आली, क्षत्रप तीच वापरत. तिला शालिवाहनाचं नाव चिकटलं ते हजारेक वर्षांनंतर. शालिवाहन हा सातवाहन शब्दाचाच लोकांनी केलेला अवतार. पैठणच्या कुंभाराच्या घरी वाढलेला, मातीच्या सैनिकांत जीव ओतणारा पोरगा, ही गुढीपाडव्याची गोष्ट आपल्या आज्ज्यांनी सांगितलीय. म्हणजे कालगणना हरलेल्यांची, नाव जिंकलेल्यांचं. जोगळटेंभीच्या नाण्यासारखंच झालं हे, फक्त छाप लोकांनी मारला. आपल्या या अंबाजोगाईत मुकुंदराजांनी विवेकसिंधू पुरा केला तो शके 1110 मधे, अशी परंपरा आहे. मराठीचा आद्यकवी आपला ग्रंथ मोजतो तो नहपानाच्या भाईबंदांच्या हिशेबानं!

सातवाहनांच्या नावावर दुसरा एक ग्रंथ आहे, हालाची गाथासप्तशती. स. आ. जोगळेकरांनी तिची मराठी आवृत्ती काढली, प्रत्येक वाचनालयात असायला हवी. त्यात गोदावरी आहे, तुरीची-साळीची शेतं आहेत, गावचा पाटील आहे, वाटसरू आहे, नवरा परगावी गेलेली बाई आहे. लढाया जिंकणारा राजा शोधावा लागतो. घोड्यांनी समुद्र प्यायल्याच्या बढाईला इथं जागा नाही. पेरिप्लस नावाच्या ग्रीक प्रवासग्रंथात पैठणहून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, म्हणजे आपलं शेजारचं तेर, असं दिलंय. भडोचच्या बंदराकडे तिथून कापड जायचं, पैठणहून गोमेदासारखे दगड जायचे. पैठण ते तेर ही वाट आपल्या जिल्ह्याला ओलांडल्याशिवाय कशी जाईल? त्या गाड्या हाकणारे, वाटेवर मुक्कामाला लागणाऱ्या घरातले लोक, ते मला गाथेत भेटतात. बलश्रीच्या लेखात त्यांचा उल्लेख एकदाच येतो, त्यांच्या सुखदुःखात राजा सामील होता म्हणून.

मघाशी इथं पुढच्या रांगेतल्या ताईंनी चिठ्ठी पाठवलीय, वाचतो. 'राजे आईचं नाव लावत, म्हणजे तेव्हा बायकांना जास्त मान होता का?' ताई, प्रश्न चांगला आहे, पण घाईनं हो म्हणू नका. गौतमीपुत्र, वासिष्ठीपुत्र ही आईच्या गोत्रावरून आलेली नावं आहेत. राजाला राण्या अनेक, मग कोणत्या राणीचा मुलगा हे सांगायला ती उपयोगी पडत असणार. गादी मुलाकडेच जायची. मात्र बलश्री हुकुमात मुलाच्या बरोबरीनं आहे, नाणेघाटात त्याआधी नागणिका आहे, एवढं नक्की. अधिकार काहीजणींना होता. कखडीतल्या बाईला कोणता होता, ते भिंतीवर नाही.

एक राहिलंच. पुळुमावीच्या 22व्या वर्षी, म्हणजे आजीच्या लेखानंतर तीनच वर्षांनी, त्याच लेण्यात आणखी एक हुकूम कोरला गेला. भिक्षूंना दिलेलं सुदर्शन नावाचं गाव परत घेऊन त्याच्या बदल्यात शाल्मलीपद्र हे गाव द्यावं, असा. कारण या वेळीही दिलेलं नाही. कधी नाशिकला गेलात तर 3 नंबरच्या ओसरीत थोडं जास्त थांबा. आईचा लेख मोठा आहे, तो लगेच दिसतो. हे बाकीचे तीन शोधावे लागतात.